दात्याची पाटी

म्युझियममध्ये लोक चित्र बघतात. मित्रांनो, खालची पाटी वाचा. चित्र कुणी काढलं ते वर असतं. कुणाच्या पैशानं आलं ते खाली, बारीक अक्षरात. अमेरिकन चित्रकला म्हणून जे भिंतीवर टांगलंय, त्यातलं पुष्कळसं ह्या बारीक अक्षरांनी ठरवलेलं आहे.

जेकब लॉरेन्सचंच घ्या. १९१७ चा जन्म, हार्लेममध्ये चित्रकला शिकलेला काळा पोरगा. १९४०-४१ साली त्यानं साठ चित्रं काढली. दक्षिणेतला कापूस, कर्ज आणि झाडाला टांगणं सोडून उत्तरेकडे निघालेल्या लाखो काळ्या माणसांची गोष्ट. त्याचे आईबापही त्याच वाटेनं आलेले. साठही पाट्या समोर मांडायच्या आणि एकेक रंग सगळ्यांवर फिरवत न्यायचा, ही त्याची रीत. पहिल्या पाटीवरचा निळा तोच साठाव्यावरचा. म्हणजे ही साठ चित्रं नव्हेतच, एकच चित्र आहे.

१९४२ ला ते विकलं गेलं, अर्धं अर्धं. विषम आकडे वॉशिंग्टनला डंकन फिलिप्सच्या संग्रहात, सम आकडे न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमकडे. भावाभावांत शेत वाटतात तसं, मधे बांध घालून! फांदीवरचा रिकामा फास वॉशिंग्टनला, हातकड्या घातलेले तिघे पाठमोरे न्यूयॉर्कला. ५७ नंबरची धुणं ढवळणारी बाई तिकडे आणि ५८ नंबरच्या फळ्यावर आकडे लिहिणाऱ्या तीन पोरी इकडे. मी त्यांना मायलेकी म्हणतो. लॉरेन्सनं तसं कुठं लिहिलेलं नाही. २०१५ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्या शेजारी आल्या, मग परत आपापल्या गावी.

न्यूयॉर्कच्या पाटीवर आहे, 'मिसेस डेव्हिड एम. लेव्ही यांची भेट'. बाईचं स्वतःचं नाव अ‍ॅडेल, तेही पाटीवर नाही. बाप ज्युलियस रोझेनवाल्ड, सीअर्स रोबक कंपनीच्या मालकांपैकी. बापाच्या फंडातूनच लॉरेन्सला शिष्यवृत्ती मिळाली होती. त्याच्याच मदतीनं दक्षिणेत काळ्या पोरांसाठी हजारो शाळा उभ्या राहिल्या. काळ्या वस्त्यांनीही त्यात आपली वर्गणी घातली. तेव्हा 'शेठ' म्हणून शिवी घालून मोकळं होता येत नाही. पैसा नसता तर कदाचित चित्रंही नसती. पण गिऱ्हाईकं दोन होती म्हणून एका चित्राचे दोन तुकडे झाले, हेही त्याच पैशाचं काम.

मेट्रोपॉलिटन म्युझियमचं वेगळं नाही. १९०६ साली जॉर्ज हर्न ह्या दुकानदार शेठनं फंड दिला, अट घातली: हयात अमेरिकन चित्रकारांचंच विकत घ्या. १९२९ ला गरट्रूड व्हिटनीबाईंनी पाचशेच्या वर अमेरिकन कलाकृती देऊ केल्या, त्या मात्र नाकारल्या. बाई व्हँडरबिल्टांच्या घरातल्या. १९३१ ला त्यांनी स्वतःचंच म्युझियम उघडलं. नकार मिळाला तर बाईंच्या खिशात दुसरं म्युझियम होतं. काळ्या चित्रकाराच्या खिशात काय होतं?

१९६९ साली ह्याच मेट्रोपॉलिटननं हार्लेमवर प्रदर्शन भरवलं. फोटो होते, आवाज होते, हार्लेमच्या चित्रकारांचं एकही चित्र नाही. बेनी अँड्र्यूज आणि त्याचे सोबती दारात निदर्शनं करायला उभे राहिले.

२०१४ ला तिथं दक्षिणेतल्या काळ्या कलावंतांच्या ५७ कलाकृती आल्या. थॉर्नटन डायल आला, अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांच्या गोधड्या आल्या. विल्यम आर्नेट नावाच्या गोऱ्या संग्राहकानं जमवलेलं, त्याच्या फाउंडेशननं दिलेलं. पाटीवर गोधडी शिवणारणीचं नाव आहे. त्याच्या खाली फाउंडेशनचं.