नाही म्हणण्यापुरतं जर्मन

परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचं लेखन हा आता आपल्या सगळ्याच भाषांमधला ओळखीचा प्रकार झाला आहे. शहर बर्लिन असो, व्हिएन्ना असो की झुरिक, टप्पे ठरलेले असतात. पहिली थंडी, वसतिगृहातलं सामायिक स्वयंपाकघर, पत्ता नोंदवण्यासाठी सरकारी कचेरीतली रांग, डिसेंबरातला नाताळ-बाजार, आणि शेवटी 'मी बदलून परत आलो' हा दाखला. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि फेब्रुवारीच्या मध्यावर तास संपतात. लेखनही बहुधा तेवढ्याच मापाचं असतं. त्यात शहर भरपूर दिसतं. त्या भाषेत त्या माणसाचं काय झालं, ते मात्र दिसत नाही.

मी जर्मनमधून मराठीत अनुवाद करते, त्यामुळे माझं लक्ष नेमकं तिथेच जातं. असं लेखन वाचताना मी एक साधा प्रश्न विचारते: या विद्यार्थ्याला 'नाही' कधी म्हणता आलं? नव्या भाषेत 'हो' म्हणणं सोपं असतं, नुसती मान हलवली तरी भागतं. 'नाही'साठी कारण द्यावं लागतं, सभ्यता सांभाळावी लागते, समोरच्याचा प्रतिप्रश्न झेलावा लागतो. शिवाय जर्मनमध्ये 'या' आणि 'नाइन' यांच्या जोडीला 'डॉख' असतो. 'तू येणार नाहीस ना?' असं कुणी विचारलं आणि यायचं असेल, तर नुसत्या 'या'ने काम होत नाही. समोरच्याचा नकार खोडणारा 'डॉख'च लागतो. मराठीत ते काम 'येणार की!' मधला 'की' करतो. हा 'की' परक्या भाषेत जागच्या जागी सुचणं ही माझ्या मते कुठल्याही भाषा-परीक्षेपेक्षा कठीण पायरी आहे.

या कसोटीवर दोन प्रसिद्ध कथा लावून पाहू. मोरी ओगाई हे जपानी लष्करी डॉक्टर १८८४ ते १८८८ या काळात जर्मनीत शिकले: लाइपझिग, ड्रेस्डेन, म्युनिक आणि बर्लिन. १८९० मध्ये त्यांची 'माइहिमे', म्हणजे 'नर्तकी', ही कथा प्रसिद्ध झाली. सरकारने बर्लिनला पाठवलेला हुशार तरुण तोयोतारो, एलिस नावाची गरीब नर्तकी, त्यांचा संसार, आणि पुन्हा मिळालेल्या मानमरातबासाठी गरोदर एलिसला सोडून त्याचं मायदेशी परतणं, एवढंच कथानक. मित्र ऐझावा एलिसला सगळं सांगून टाकतो, तेव्हा तोयोतारो तापाने बेशुद्ध असतो. शुद्धीवर येतो तोवर तिला वेड लागलेलं असतं.

ही कथा सहसा प्रेम आणि कर्तव्य यांच्या झगड्याची म्हणून वाचली जाते. मला ते वाचन अपुरं वाटतं. तोयोतारोचं जर्मन पहिल्यापासून उत्तम आहे. ते त्याला कुठे कमी पडत नाही. कमी पडतं ते 'नाही', आणि तेही मातृभाषेत. मित्र म्हणतो, तिला सोड. हा होकार देतो. अमात्य विचारतात, रशियाला चलशील? हा होकार देतो. जपानला चलशील? पुन्हा होकार. विश्वासातल्या माणसाने अचानक काही मागितलं की आपण पटकन मान्य करून बसतो आणि मग ते निभावतो, हा आपला स्वभाव तो स्वतःच सांगतो. तो दुभाषा आहे, हेही योगायोगाचं नाही. इतरांचे होकार एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणं हेच त्याचं काम आहे.

ओगाईंनी हे सगळं लिहिलं ते घडीव, ग्रांथिक जपानीत. मला ती भाषा येत नाही. मी कथा वाचली ती रिचर्ड बाऊरिंग यांच्या इंग्रजी अनुवादात. मराठीत आणायची झाली तर आजच्या बोलीत आणू नये, असं मला वाटतं. निबंधमालेच्या काळातली भारदस्त, लांब वाक्यांची मराठी तिला शोभेल. बर्लिनमध्ये एक शब्द न उच्चारलेला माणूस नंतर पश्चात्तापासाठी किती वैभवशाली भाषा वापरतो, ही त्या कथेतली खरी बोचणी आहे.

दुसरं पुस्तक सबाहत्तिन अली यांची 'फरकोटातली मॅडोना' ही तुर्की कादंबरी, १९४३ सालची. राइफ हा लाजाळू मुलगा साबणाचा धंदा शिकायला बर्लिनला जातो आणि एका प्रदर्शनात मारिया पुडर या चित्रकर्तीच्या आत्मचित्रासमोर खिळून राहतो. वडील गेल्यावर तो परततो. काही काळाने तिची पत्रं थांबतात. ती आपल्याला विसरली, असं तो परस्पर ठरवतो आणि कुणालाही काही विचारत नाही. दहा वर्षांनी कळतं, ती तेव्हाच वारली होती आणि तिच्यामागे त्याची मुलगी आहे. तोयोतारो होकार देऊन हरतो; राइफ उत्तरच न देता. आणि बर्लिनहून आणलेल्या जर्मनचं तो पुढे काय करतो? अंकाराच्या एका कंपनीत कागदपत्रांचा अनुवाद. साहेब रागावतो, हा गप्प. फक्त कागदाच्या तुकड्यावर त्या साहेबाचा चेहरा चार रेघांत असा काढतो, की पाहणारा थक्क व्हावा. त्याचं 'नाही' तेवढंच.

दोन्ही पुस्तकांत किंमत मोजते ती त्या शहरातली बाई. विद्यार्थ्याजवळ परतीचं तिकीट असतं, तिच्याजवळ नसतं. आजच्या सत्रभराच्या आठवणींतही शहर आपल्याला घडवतं; आपण तिथे मागे काय ठेवून आलो, हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

योको तावादा यांची वाट निराळी. त्या १९८२ मध्ये हॅम्बुर्गला आल्या आणि पुढे जर्मनमध्येही लिहू लागल्या. 'टालिसमान' (१९९६) या त्यांच्या पुस्तकातल्या एका निबंधात कचेरीतली बाई आपल्या पेन्सिलीवर चिडते. जर्मनमध्ये पेन्सिल पुल्लिंगी, आणि जपानीत वस्तूंना लिंगच नाही. म्हणून लेखिकेला तो एखाद्या पुरुषाशी घातलेला वाद वाटतो. मराठीत ही गंमत अर्धी विरते. आपल्याकडे तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल लहानपणापासूनच असतात. पण त्यामागचा नकार महत्त्वाचा आहे: इथे हे असंच असतं, हे मान्य करायला तावादा तयार नाहीत.

आता आपल्या घरातलं उदाहरण. सबाहत्तिन अली १९२८ ते १९३० या काळात जर्मनीत होते, आणि त्याच वर्षांत इरावती कर्वे बर्लिनला होत्या. तेवीस वर्षांची ही मुलगी डालेमच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होती. युरोपीय माणसाची कवटी इतरांपेक्षा वेगळ्या तऱ्हेने असमान असते आणि त्याचा बुद्धीशी संबंध आहे, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला: असमानता आहे, पण ती वंशाप्रमाणे ठरत नाही. परकी भाषा, परकी संस्था, पदवी ज्याच्या हाती तोच मार्गदर्शक, आणि त्याच्याच गृहीतकाला नकार.

त्यांनी बर्लिनवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं नाही. माझ्यापुरता तो आकड्यांनी भरलेला जर्मन प्रबंधच त्या शहराबद्दलचं त्यांचं लेखन आहे. याचा अर्थ असा नाही, की बाईंनी वंशमापनाकडे कायमची पाठ फिरवली. पुढे महाराष्ट्रात त्यांनीही माणसं मोजली, आणि त्या कामाची आज चिकित्सा होते आहे. ती व्हायलाच हवी. एक नकार माणसाला जन्मभर पुरत नाही. पण 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या थोर पुरुषांना निर्भीडपणे जाब विचारणारा जो आवाज आपण ऐकतो, त्याची ओळख मला त्या रुक्ष पानांत पटते.

म्हणून आजच्या विद्यार्थ्यांच्या लेखनाकडे माझी मागणी छोटी आहे. नाताळ-बाजार असू द्या, सामायिक स्वयंपाकघरही असू द्या. पण एखाद्या परिसंवादात प्राध्यापक भारताबद्दल काही ठरीव बोलले आणि आपण मान डोलावली, की मोडक्या जर्मनमध्ये का होईना, हात वर केला? घरमालकिणीने अनामत रक्कम कापली, तेव्हा कुठली वाक्यं आठवली आणि कुठली अडकली? तिथे ज्यांच्याशी मैत्री झाली, त्यांना निघताना काय सांगितलं, काय सांगायचं टाळलं? हे लिहायला शहराची माहिती थोडी कमी चालेल. आणि ते लिहिताना वाक्य अडखळलं तर अडखळू द्यावं. घरी आल्यावर मराठीत ते सफाईने दुरुस्त केलं, की त्या सत्रात घडलेली सर्वांत खरी गोष्ट पुसली जाते.