लॉकचं पुस्तक आणि लॉकची खतावणी

जॉन लॉकचं सरकारवरचं पुस्तक १६८९ साली लंडनात छापून आलं. मी ते दोनदा वाचलं. माणूस जन्मतः स्वतंत्र, जीव-स्वातंत्र्य-मालमत्ता हा त्याचा हक्क, आणि सरकारनं विश्वासघात केला तर लोकांनी ते उलथावं, असं त्यात साफ लिहिलंय. राजाचा दैवी अधिकार या गड्यानं मुळासकट उपटला. मोठंच काम. मान्य.

पण याच लॉकचे पैसे आफ्रिकेतली माणसं विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतले होते. १६६९ सालची कॅरोलिना वसाहतीची घटना लिहिण्यात त्याचा हात होता. तिनं मालकाला काळ्या गुलामावर संपूर्ण सत्ता दिली. मग त्याच्या पुस्तकातला 'माणूस' कोण? इथंच पाणी मुरतंय.

म्हणून काय पुस्तक जाळायचं? मी म्हणतो, नाही. फ्रान्सनं १७८९ ला मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, तरी सँ-दोमँगच्या उसाच्या मळ्यांत गुलाम राबतच राहिले. १७९१ च्या ऑगस्टात ते उठले. १७९४ ला पॅरिसला गुलामी रद्द करावी लागली. १८०२ ला नेपोलियनची फौज उतरली. तिला हरवून १८०४ ला त्यांनी हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभं केलं. जाहीरनाम्याचा अर्थ पुरा केला तो गुलामांनी.

जोतीरावांनीही टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं आणि पुढं १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिली. दोस्तांनो, हक्क हा शब्द कुणाच्या बापाची मिरास नाही. शब्द घ्या. लिहिणाऱ्याची खतावणीही तपासा.