'मूळ', 'हुबेहूब' आणि किंमत : चित्रपटातील वाहनांच्या प्रतिकृतींसंबंधी

चित्रपटांत गाजलेल्या मोटारींच्या व फटफटींच्या प्रतिकृती जमविणारांचा एक वर्ग आता महाराष्ट्रातही तयार झाला आहे. या वर्गात दोन प्रश्नांवर अखंड वाद चालतो : अमुक प्रतिकृती मुळाशी कितपत जुळते, आणि तिच्याकरिता मागितलेली किंमत वाजवी आहे काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या उत्तरातच दडलेले आहे, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. जी प्रतिकृती अधिक हुबेहूब ती अधिक मोलाची, एवढे मान्य झाल्यावर मग चाकांच्या आऱ्यांवरून आणि रंगाच्या छटेवरून हमरीतुमरी होते. हे गृहीतच तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय विद्यापीठीय पत्रिकेस हलका वाटण्याचा संभव आहे. पण त्यात वापरले जाणारे शब्द हलके नाहीत.

त्यांतील 'प्रतिकृती' हा शब्द तर पाणिनीच्या सूत्रात आलेला आहे. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रतिकृतीच्या अर्थी 'कन्' प्रत्यय सांगितला आहे. घोड्यासारखी केलेली आकृती ती 'अश्वक'. थोडे पुढे जाऊन सूत्रकार असे सांगतो की, जी प्रतिकृती उपजीविकेचे साधन आहे पण विक्रीसाठी नाही, तिच्या नावातून हा प्रत्यय लोप पावतो. म्हणजे ज्या मूर्तीच्या पूजेवर पुजाऱ्याचे पोट चालते ती नुसती 'शिव', आणि बाजारात मांडलेले हत्ती मात्र 'हस्तिक'. साम्य दोहोंकडे सारखेच असू शकते. नाव बदलते ते विक्रीमुळे. भाष्यकार पतंजलीने याच ठिकाणी सोन्याच्या लोभाने मूर्ती घडविणाऱ्या मौर्यांचा उल्लेख केला आहे. प्रतिकृती आणि किंमत यांचा संबंध साम्याखेरीज अन्य कारणांनीही जुळतो, ही गोष्ट वैयाकरणांच्या ध्यानात फार पूर्वीच आलेली होती.

आता संग्राहकांच्या उदाहरणांकडे वळू. 'गोल्डफिंगर' हा जेम्स बाँडचा चित्रपट १९६४ साली आला. त्यातील ॲस्टन मार्टिन डीबी ५ ही मोटार रुपेरी होती. पुढील वर्षी कॉर्गी या इंग्रज कंपनीने तिचे खेळणे काढले, ते मात्र सोनेरी रंगाचे! रुपेरी रंग दिला तर खेळणे रंगवायचेच राहून गेले आहे असे मुलांना वाटेल, ही त्यामागील भीती. शिवाय साचाही नवा नव्हता. आधीच्या डीबी ४ च्या साच्यात फेरफार करून तो बनविला होता. म्हणजे रंग चुकीचा आणि बांधा उसना. तरीही हे खेळणे लक्षावधींच्या संख्येने खपले. १९६८ साली कंपनीने सुधारलेली, रुपेरी रंगाची आणि अधिक तपशीलवार मोटार काढली. पण १९६५ ची सोनेरी मोटार तिच्या मूळ खोक्यासह मिळाली तर आजही संग्राहक तिच्यावर तुटून पडतात. ही मोटार ते चित्रपटातील मोटारीची प्रतिकृती म्हणून घेत नाहीत. त्यांच्या दृष्टीने तीच मूळ आहे, आणि इतकी मूळ की तिच्याही पुढे प्रतिकृती निघाल्या.

अचूकतेच्या आग्रहात आणखी एक गोम आहे, ती मापाची. एकास त्रेचाळीस या प्रमाणात डीबी ५ ची साडेचार मीटरांहून थोडी अधिक लांबी साडेदहा सेंटिमीटरांवर येते. दाराभोवतीची चार मिलिमीटरांची फट त्याच हिशेबाने मिलिमीटराच्या दहाव्या भागाहून कमी होते. उलट, प्रतिकृतीवर रंगाचा दशांश मिलिमीटर थर बसला तर मूळ मोटारीवर चार मिलिमीटरांहून जाड लेप दिल्यासारखे होईल. म्हणून चांगला कारागीर फट मुद्दाम रुंद ठेवतो आणि कडा मुद्दाम तीक्ष्ण करतो. मापाने खरी केलेली वस्तू डोळ्याला खोटी वाटते. 'हुबेहूब' या फारसीमार्गे आलेल्या शब्दाचा मूळ आशय 'तो म्हणजे तोच' असा आहे. लहान आकाराच्या कोणत्याही प्रतिकृतीस तो अक्षरशः लागू पडणे शक्य नाही. येथे होतो तो अनुवाद, आणि अनुवादाची परीक्षा शब्दागणिक करावयाची नसते, हे आपल्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच.

परंतु खरी अडचण 'मूळ' या शब्दातच आहे. 'गोल्डफिंगर'साठी एक नव्हे, दोन मोटारी वापरल्या गेल्या : एक युक्त्याप्रयुक्त्यांनी सजविलेली, दुसरी रस्त्यावर पळविण्याची. त्यांतील पहिलीची सारी साधने पुढे काढून घेण्यात आली आणि १९६८ साली ती साध्या मोटारीप्रमाणे विकली गेली. नंतरच्या मालकाने तशीच दिसणारी साधने तिच्यावर पुन्हा चढविली. १९९७ साली फ्लोरिडातून ती चोरीस गेली. चोरीस गेली तेव्हा ती मूळ होती की स्वतःचीच प्रतिकृती, हा प्रश्न विनोदासाठी विचारलेला नाही. संग्राहक जेव्हा 'मुळाशी जुळत नाही' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात चित्रीकरणाच्या जागी उभी असलेली वस्तू असते, की पडद्यावर दिसलेले तिचे रूप, की लहानपणी पाहिलेल्या चित्राची आठवण? वादी एका अर्थाने बोलतो, प्रतिवादी दुसऱ्या अर्थाने, आणि दोघेही पुरावा म्हणून तीच छायाचित्रे पुढे करतात. 'शोले'तील (१९७५) जोडगाडीसह धावणारी १९४२ सालची बी.एस.ए. फटफटी २०२५ साली पणजीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात मांडली होती. लष्करी बनावटीचे हे जुने वाहन लोकांनी डोळे भरून पाहिले ते जय आणि वीरू तिच्यावर बसले म्हणून. तिची प्रतिकृती करणाराने १९४२ चे वाहन करावे की १९७५ चे, याचे उत्तर धातूच्या पट्टीने मिळणार नाही.

किंमत ठरविणारी गोष्ट बव्हंशी संख्या ही आहे. ॲस्टन मार्टिन कंपनीने स्वतःच २०२० साली पूर्ण आकाराच्या, फिरत्या क्रमांक-पट्ट्यांच्या आणि धूर सोडणाऱ्या पंचवीस 'गोल्डफिंगर' मोटारी गिऱ्हाइकांसाठी बांधावयास घेतल्या. दर मोटारीस करांखेरीज साडेसत्तावीस लाख पौंड. त्या रस्त्यावर चालविण्यास मात्र परवानगी नाही. येथे निदान साम्य आणि दुर्मीळता दोन्ही आहेत. आपल्या चाकणमध्ये घडले ते अधिक बोधप्रद आहे. महिंद्र कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये बीई ६ या विद्युत मोटारीची 'बॅटमॅन' आवृत्ती जाहीर केली. तिचे नाते ख्रिस्तोफर नोलनच्या चित्रत्रयीशी जोडलेले होते; पण त्या चित्रपटांतील रणगाड्यासारख्या वाहनाशी तिचे रूपसाम्य मुळीच नाही. काळा रंग, दारावर वटवाघूळ, काही भागांस सोनेरी छटा आणि क्रमांकाची पट्टी, एवढ्या सामग्रीवर २७ लाख ७९ हजार रुपये किंमत लागली. त्याच प्रतीच्या साध्या मोटारीहून ८९ हजारांनी अधिक. आरंभी ३०० मोटारींची मर्यादा होती, ती मागणी पाहून ९९९ करण्यात आली, आणि १३५ सेकंदांत साऱ्या नोंदल्या गेल्या. अचूकतेचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. 'आवृत्ती' या शब्दात फिरून फिरून येण्याचा अर्थ आहे. 'मर्यादित आवृत्ती' म्हणजे मोजून केलेली पुनरुक्ती. ती मोजही विक्रीपूर्वी तिप्पट करता येते, हे ग्राहकाने लक्षात ठेवलेले बरे.

संख्येच्या जोडीला शिक्का येतो. माळशिरसच्या तहसील कचेरीत सातबाराची नक्कल मिळते. ती अक्षराने कितीही मुळाबरहुकूम असो, कचेरीचा शिक्का नसेल तर पूर्वी तिला कोणी विचारीत नसे. अमेरिकेत एका कारागिराने 'बॅटमॅन'च्या मोटारीच्या पूर्णाकृती प्रतिकृती सुमारे नव्वद हजार डॉलरांस एक याप्रमाणे विकल्या. २०१५ साली तेथील अपील न्यायालयाने ती मोटार हे एक पात्रच आहे, आणि रूप वेळोवेळी बदलले तरी तिची ओळख टिकून राहते, असे ठरवून त्याच्याविरुद्ध निकाल दिला. म्हणजे साम्य हाच त्याचा अपराध ठरला. उलट 'एलिनॉर' नावाच्या मोटारीविषयी त्याच न्यायालयाने २०२५ मध्ये असे म्हटले की, निरनिराळ्या मोटारींस एकच नाव दिल्याने पात्र सिद्ध होत नाही. विशेषनाम आणि त्याचा वाच्यार्थ यांविषयी इतकी सूक्ष्म चर्चा आमच्या कित्येक भाषाशास्त्रीय निबंधांतही आढळत नाही.

आमच्या तालुक्यात बेंदराला मातीचे बैल विकत घेतात. शिंग आणि वशिंड दिसले की बैल झाला. पायांचे प्रमाण कोणी मोजीत नाही, आणि पूजा झाल्यावर त्यास मागे ठेवण्याची ओढही नसते. संग्राहकाच्या कपाटातील मोटार याच्या दुसऱ्या टोकाला आहे. या दोन टोकांमध्ये आमच्या भागातील एक वाहन उभे आहे. 'सैराट' (२०१६) मध्ये आर्ची बुलेटवरून येते. ही भूमिका करणारी रिंकू राजगुरू माळशिरस तालुक्यातील अकलूजची, आणि चित्रीकरण बरेचसे शेजारच्या करमाळ्याकडचे. बुलेट ही कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडणारी फटफटी; चित्रपटासाठी तिच्यात काही आगळे केलेले नव्हते. उद्या कोणी आर्चीच्या बुलेटची प्रतिकृती मर्यादित संख्येने काढली तर साचा बिनचूक करणे अवघड नाही. पण आसनावर आर्ची नसेल तर ती कोणत्याही दुकानातील बुलेटची प्रतिकृती होईल, आणि असेल तर ती वाहनाची प्रतिकृती राहणार नाही. मग जादा किंमत नेमकी कशाची लावली, हे विक्रेत्याला खोक्यावर लिहून सांगावे लागेल.