‘विश्वकिरण’ या संज्ञेची चिकित्सा

परिभाषेतील शब्द रूढ झाला की त्याच्या घटकांकडे सहसा कोणी पाहत नाही. ‘विश्वकिरण’ या संज्ञेचे दोन्ही घटक मात्र आज ज्ञात असलेल्या वस्तुस्थितीशी विसंगत आहेत.

व्हिक्टर हेस याने १९१२ मध्ये बलूनमधून केलेल्या मापनांनी या प्रारणाचा शोध लागला. त्याला आजचे इंग्रजी नाव देणाऱ्या मिलिकनची समजूत ते गॅमा किरण असल्याची होती. पुढे ती मुख्यतः विद्युद्भारित अणुकेंद्रे ठरली. नाव मात्र तेच राहिले, आणि मराठीने ते भाषांतरून घेताना मूळची चूकही घेतली. त्यांतील बहुतेक आपल्याच आकाशगंगेतील असल्यामुळे ‘विश्व’ हा घटकही अतिव्याप्त ठरतो.

दोष केवळ व्युत्पत्तीचा असता तर तो उपेक्षणीय होता. परंतु शब्द आपली क्रियापदेही सोबत आणतो. मराठीत किरण ‘पडतात’, ‘पसरतात’. कण ‘भटकतात’, ‘आदळतात’. या विषयातील मुख्य निष्कर्ष तर भटकण्याचाच आहे.

त्याचा साक्षीदार बेरिलियम-१० हा किरणोत्सर्गी समस्थानिक होय. कार्बन, ऑक्सिजन यांची वेगवान केंद्रे आंतरतारकीय वायूवर आदळून फुटली म्हणजे तो निर्माण होतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १३.९ लाख वर्षे आहे. अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यातून निघालेली पाने किती कोमेजली यावरून त्यांचा वाटेतील काळ कळावा, तसा स्थिर बेरिलियम-९ च्या तुलनेत बेरिलियम-१० किती उरला यावरून कणांचा प्रवासकाळ कळतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल प्रभृतींनी १९५५ ते १९५७ या काळात पृथ्वीच्या वातावरणात घडणाऱ्या व सागरतळाच्या गाळात साचणाऱ्या याच समस्थानिकाचा मागोवा घेतला होता. आकाशगंगेतून आलेल्या बेरिलियमची उपग्रहांवरील मापने १९७७ मध्ये सुमारे १.७ कोटी, तर २००१ मध्ये सुमारे १.५ कोटी वर्षांचा काळ दाखवितात. आकाशगंगेची तबकडी सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. प्रकाशाच्या निम्म्या वेगाने सरळ जाणारा कण ती दोन लाख वर्षांत ओलांडील. अर्थात हे कण चुंबकीय क्षेत्रांत वळत, भरकटत राहतात. ‘किरण’ या शब्दाने नेमके हेच झाकले जाते.

‘समस्थानिक’ हा शब्दही घटकशः भाषांतरच आहे. परंतु सॉडीने १९१३ मध्ये योजलेले मूळ नाव आवर्तसारणीतील ‘एकच स्थान’ दर्शविते, म्हणून मराठी शब्दही अन्वर्थक उतरला. सारांश, दोष भाषांतराच्या रीतीत नसून मूळ नावाची पारख न करण्यात आहे. ‘विश्वकिरण’ आता उखडणे व्यवहार्य नाही. निदान पाठ्यग्रंथांनी त्याला कणांची क्रियापदे द्यावीत, एवढी अपेक्षा रास्त ठरेल.