यमुना गणपत, आनंदी गोपाळ : मधल्या नावाचा एक शोध

गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीला माझ्या भाच्याच्या मुलीचे बारसे झाले. बाळ पाळण्याच्या वरून-खालून दिले-घेतले गेले. मग बाळाच्या आत्याने, म्हणजे माझ्या भाचीने, वाकून कानात नाव सांगितले आणि प्रथेप्रमाणे पाठीत गुद्दे खाल्ले. घुगऱ्या वाटल्या गेल्या. त्या एका नावासाठी घरात कितीतरी दिवस खल चालला होता. स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर मिळणारी नावांची दोन पुस्तके आणली होती. गुरुजींनी नक्षत्रावरून आद्याक्षर काढून दिले होते, ते सगळ्यांनी मान्य करून बाजूला ठेवले होते. नाव लहान हवे, अर्थपूर्ण हवे, वर्गात दुसरे कुणाचे नसावे, अशा अटी होत्या. एवढ्या चर्चेत ते नाव वडिलांच्या नावाला जोडून एकदाही कुणी मोठ्याने उच्चारले नाही.

त्यात नवल नाही. इंग्लंड-अमेरिकेतले आईबाप पहिले आणि मधले अशी दोन्ही नावे निवडतात आणि जोडी कानाला कशी लागते याचा घोळ घालत बसतात. आपल्याकडे मधले नाव निवडायचे नसते, ते आधीच तिथे बसलेले असते. न्यू जर्सीतल्या माझ्या एका मावसबहिणीला शाळेत विचारले होते, की मुलीला मधले नाव पुरुषाचे का ठेवले? तिने उत्तर दिले, की आम्ही ते ठेवलेले नाही. हे उत्तर मला फार नेमके वाटते. मराठी मधले नाव ही एक जागा आहे. तिथे कोण बसते, कोण उठवले जाते, हे पाहिले की नावाची खरी गोष्ट कळू लागते. आपल्याकडे आडनावांवर पुष्कळ लिहिले गेले, कारण त्यात जात दिसते. पहिल्या नावांवरही लिहिले जाते, कारण त्यात काळ दिसतो. मधल्या नावाकडे मात्र टीकाकारांचे लक्ष फारसे गेले नाही.

आधी कानाचे पाहू. जुन्या जोड्या ऐकायला इतक्या घट्ट का वाटतात? गोपाळ गणेश, बाळ गंगाधर, महादेव गोविंद, राम गणेश. एक कारण साधे आहे. पहिल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवायची चाल होती. त्यामुळे विष्णूचा वामन आणि वामनाचा विष्णू अशी दोनच नावे पिढ्यान्‌पिढ्या जागा बदलत राहत. जोडी कुणी जुळवलेली नसे, ती वापरून वापरून गुळगुळीत झालेली असे. दुसरे कारण उच्चाराचे. ही बहुतेक नावे बोलताना व्यंजनावर संपतात, म्हणून पुढचे नाव स्वच्छ सुरू होते. आजची मुलींची नावे बहुधा ‘आ’वर संपतात. वडिलांचे नाव ‘अ’ किंवा ‘आ’ने सुरू होत असेल, तर रिया अनिलचे ‘रियानिल’ होते आणि आर्या आनंदचे ‘आर्यानंद’, म्हणजे एखादे स्वामी. नावांची पुस्तके अकारविल्हे असतात, राशीवार असतात, देवांच्या नावांप्रमाणे असतात. जोडीचा विचार करणारे एकही पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

मराठी साहित्याने मात्र या जोडीचे फार काही करून दाखवले. डोंबिवलीकरांना उदाहरण लांब शोधायला नको. शंकर नारायण नवरे यांच्या ‘शं. ना.’चे ‘शन्ना’ झाले. मुलगा आणि बाप यांची आद्याक्षरे मिळून तिसरेच नाव तयार झाले आणि त्याला आडनावाची गरज उरली नाही. पुलं तसेच, वपु तसेच. (विंदा मात्र या पंगतीतले नव्हेत. ते गोविंद विनायक करंदीकर, आणि ‘विंदा’ हा ‘गोविंद’चाच तुकडा आहे. अनेकांचा इथे गोंधळ होतो.) या लाडक्या नावांत बाप नकळत सामील आहे. पुलंमधला ‘ल’ म्हणजे लक्ष्मण, हे किती वाचकांच्या मनात असते? आणि मधले नाव बदलले की माणूसच बदलतो, याचा दाखला कुसुमाग्रजांचा. जन्माने ते गजानन रंगनाथ शिरवाडकर, दत्तक गेल्यावर विष्णु वामन शिरवाडकर. आडनाव तेच राहिले, पण बाप बदलला म्हणून आधीचे नावही गेले.

आता अशी एखादी लेखिका आठवून पाहा. आद्याक्षरांनी घरोघरी ओळखली जाणारी एकही मला आठवत नाही. इंदिरा संत, शांता शेळके, दुर्गा भागवत : नाव आणि आडनाव, मध्ये मोकळी जागा. मला वाटते, ही जागा मोकळी राहिली याला कारण आहे. पुरुषाच्या नावातला बाप जन्मभर हलत नाही, म्हणून त्याचे आद्याक्षर नावात मुरते. बाईच्या नावातला मधला माणूस बदलायचा असतो. बाळूताई खरे यांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ या पुस्तकावर विभावरी शिरूरकर हे नाव घातले आणि पुढे लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. बापाने दिलेले, सासरचे आणि स्वतः घेतलेले अशा तीन नावांपैकी मराठी वाचकाच्या तोंडी तिसरे जास्त राहिले, ही मला समाधानाची गोष्ट वाटते.

आमच्या रेल्वेमार्गावरची तीन नाट्यगृहेसुद्धा हेच सांगतात. ठाण्याला तलावपाळीवर राम गणेश गडकरी रंगायतन, बापासकट. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, तिथे पदवीने ‘प्रल्हाद’ आणि ‘केशव’ दोघांनाही गिळले. डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर, तिथे मध्ये कुणीच नाही.

या सगळ्यांत मोठे प्रकरण कल्याणचेच आहे. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात जन्मलेली यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशींशी झाले आणि ती आनंदी झाली. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे : फिलाडेल्फियाचे महिला वैद्यकीय महाविद्यालय, १८८६ची एम.डी. पदवी, २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात मृत्यू, वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती. मला इथे फक्त नावाकडे लक्ष वेधायचे आहे. माहेरचे आडनाव जोशी, सासरचेही जोशी. लग्नात बाईचे आडनाव बदलते, असे आपण सहज म्हणतो. या लग्नात आडनाव जागचे हलले नाही. ‘यमुना गणपत’चे ‘आनंदी गोपाळ’ झाले. बदल नेमका कुठे घडतो, हे दाखवायला याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

तिच्यावर लिहिणाऱ्यांनी त्या मधल्या जागेचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. मृत्यूनंतर वर्षभरात, १८८८ साली, अमेरिकेत कॅरोलिन हीली डॉल या बाईंनी चरित्र लिहिले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. आपल्या काळात अंजली कीर्तने यांनी मोठ्या कष्टाने संशोधन करून लिहिले. तिघींच्याही पुस्तकांच्या नावांत ती डॉक्टर आनंदीबाई जोशी आहे, नाव आणि आडनाव. श्री. ज. जोशी यांनी १९६८च्या कादंबरीचे नाव ठेवले ‘आनंदी गोपाळ’. पुढे नाटक आले, २०१९ साली समीर विद्वांस यांचा चित्रपट आला, आणि आज सर्वसामान्य माणूस तिला याच नावाने ओळखतो.

यावरून कादंबरीकाराला दोष द्यावा, असा मोह होतो. मलाही तो बरीच वर्षे होता. आता वाटते, की त्या शीर्षकात एक प्रामाणिकपणाही आहे. ‘आनंदी गोपाळ’ म्हणजे दोन माणसे, आणि ‘आनंदी गोपाळ’ म्हणजे एका माणसाचे सरकारी नाव. दोन्ही वाचने एकाच वेळी खरी आहेत. मारूनमुटकून शिकवणारा, नंतर तिच्या यशाने कासावीस होणारा नवरा या गोष्टीतून वगळता येत नाही. शीर्षक त्याला नायक म्हणून आणते आणि त्याच वेळी तो बसला कुठे आहे, ते दाखवते. माझी तक्रार वेगळी आहे. दोघांनाही धरून ठेवणाऱ्या या शीर्षकाने यमुना मात्र कायमची पुसली. (चित्रपटात या जोडप्याचे काम करणारे ललित प्रभाकर आणि भाग्यश्री मिलिंद हे दोघेही आडनाव न लावता केवळ नाव आणि मधले नाव लावतात. आजच्या पिढीने आडनाव टाकून मधले नाव पुढे आणले, ही स्वतंत्र लेखाची गोष्ट आहे.)

११ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचे नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे. त्याच सुमारास मंत्रालयातल्या पाट्या बदलल्या आणि ठाणेकरांचे मुख्यमंत्री ‘एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे’ झाले. काहींना हे परके वाटले. ते परके नाही. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णी आहे, वासिष्ठीपुत्र पुळुमावी आहे. ठाण्याच्या डोंगरापलीकडे कान्हेरीत, जिथे कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत, तिथेही सातवाहन राजे आईवरून ओळखले जातात. पण याचा अभिमान बाळगण्याआधी बारकाईने वाचावे. ‘गौतमी’ हे त्या बाईचे नाव नव्हे, ते गोत्रावरून आले आहे. तिचे स्वतःचे नाव बलश्री. ते आपल्याला मुलाच्या नावातून कळत नाही. तिने स्वतः नाशिकला लेणे दान दिले, लेख कोरवला, म्हणून कळते.

त्या तुलनेत नवा नियम खरोखर पुढचा आहे : आईचे स्वतःचे नाव मुलाच्या नावात बसते. उणीव दुसरीकडे आहे. विवाहित स्त्रीच्या नावाची पद्धत त्याच निर्णयाने पूर्वीचीच ठेवली : तिचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. मालमत्तेच्या कागदांवर लग्नाआधीच्या नावाची मुभा आहे, एवढेच. म्हणजे २०२४ साली जन्मलेल्या मुलाच्या नावात त्याची आई जन्मभर राहील. मुलीच्या नावात ती लग्नापर्यंत राहील. मग त्या मधल्या जागेवरून आई आणि बाप दोघेही एकदम उठतील.

हे मला पुस्तकातून सुचलेले नाही. माझ्या आईचे शाळेच्या दाखल्यावरचे नाव एक होते आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नाव दुसरे. ती गेली तेव्हा एका बँकेत तिच्या नावावर थोडी ठेव निघाली, माहेरच्या नावाने. मृत्यूचा दाखला सासरच्या नावाचा. पाच महिने खेटे घातल्यावर मी आणि भावाने स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केले, की ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. आम्हा दोघांच्या सह्यांनी आमची आई एक झाली. ते कागद करताना नोटरीने विचारले, “माहेरच्या नावाने त्यांना कुणी हाक मारायचं का?” भाऊ माझ्याकडे पाहू लागला. शेवटची हाक मारणारी आमची मोठी मावशी, ती १९९८ साली गेली होती.

बारशानंतर दोन आठवड्यांनी जन्मदाखल्यात नाव घालायचे होते. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म आधी नोंदवता येतो, नाव मागाहून घालता येते. वर्षभर त्याला विलंब शुल्कही नाही. भाच्याने अर्ज भरायला घेतला आणि मी लिहीत असलेल्या या लेखाविषयी विचारले. मी त्याला यमुनेचे सांगितले. तिच्या आईचे नाव गंगाबाई होते. आजच्या नियमाने ती ‘यमुना गंगाबाई गणपत जोशी’ झाली असती. आई गंगा, लेक यमुना. नाव ठेवणाऱ्याच्या मनात ती जोडी नक्की असणार. दोनच शब्द शेजारी आले की ती ऐकू येते. पण दीडशे वर्षे ते दोन शब्द शेजारी आलेच नाहीत, कारण मध्ये आधी गणपत होता, नंतर गोपाळ.

भाचेसून स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने बाहेर येऊन भाच्याच्या हातातला अर्ज घेतला आणि मुलीचे, स्वतःचे, त्याचे आणि मग आडनाव असे चारही शब्द मोठ्याने वाचले. दुसऱ्यांदा वाचताना ती पहिल्या दोन शब्दांवर थांबली. मुलीच्या नावाच्या शेवटचा ‘आ’ आणि तिच्या नावाचा पहिला ‘अ’ एकमेकांत मिसळत होते. “आत्या, हे एकच नाव झालं की,” ती म्हणाली. भाचा म्हणाला, “मग नाव बदलायचं का? अजून वेळ आहे.”

“नको,” ती म्हणाली, “राहू दे असंच.”