मोबाईल चित्रणातील लेन्स फ्लेअर आणि प्रतिबिंबे : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

विद्यार्थ्यांनी मोबाईलवर चित्रित केलेल्या लघुपटांचे मूल्यमापन करताना 'प्रतिमेची स्वच्छता' हा निकष बहुधा गृहीत धरला जातो. दृश्यात दिव्यासमोर उमटलेला हिरवट ठिपका, उन्हामुळे पसरलेला पांढुरका पडदा किंवा काचेत दिसणारी कॅमेरा धरणाऱ्याची आकृती या गोष्टी 'तांत्रिक दोष' या सदरात जमा होतात व त्यानुसार गुण वजा होतात. याउलट मुद्दाम मिसळलेली प्रकाशरेषा 'सिनेमॅटिक' म्हणून वाखाणली जाते. एकच प्रकाशीय घटना एकदा दोष आणि एकदा सौंदर्य ठरत असेल, तर निकषाचीच फेरतपासणी आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या उपनगरांतील चित्रणाच्या संदर्भात ही तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

हा प्रश्न आता केवळ वर्गापुरता राहिलेला नाही. मुंबई चित्रपट महोत्सवाच्या 'मामी सिलेक्ट : फिल्म्ड ऑन आयफोन' या उपक्रमात २०२४ साली पाच लघुपट मोबाईलवर तयार झाले. त्यांत अर्चना अतुल फडके यांचा 'मिराज' होता. २०२५ मध्ये याच उपक्रमात चाणक्य व्यास यांचा 'मांग्या' हा मराठी लघुपट झाला. उपक्रमाच्या नावातच फोनचे नाव असल्याने कथेबरोबर यंत्राची क्षमता हाही प्रदर्शनाचा विषय ठरतो. अशा प्रदर्शनातून निर्दोष, निष्कलंक प्रतिमा हीच उत्तम प्रतिमा, असा संस्कार नकळत दृढ होण्याची शक्यता असते. विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही त्या संस्काराच्या कक्षेत येतात.

लेन्स फ्लेअर : स्वरूप व कारणमीमांसा

हवा आणि काच यांच्या सीमेवर प्रकाश पूर्णतः आरपार जात नाही. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. परावर्तनरोधक लेपाने हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आणता येते. मात्र ते शून्य होत नाही. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यात सात भिंगे असतील, तर चौदा पृष्ठभाग होतात आणि त्यांपैकी कोणत्याही दोन पृष्ठभागांवर आपटून संवेदकाकडे जाणाऱ्या प्रकाशाच्या ९१ जोड्या संभवतात. बाहेरची संरक्षक काच, अवरक्त किरणे अडविणारी गाळणी आणि खुद्द संवेदकाचा चकचकीत पृष्ठभाग यांची भर वेगळीच. म्हणून तेजस्वी स्रोत चौकटीत किंवा चौकटीच्या कडेला आला की फ्लेअर निर्माण होणे ही यंत्राची स्वाभाविक प्रतिक्रिया असते.

फ्लेअरचे दोन प्रकार वेगळे ओळखणे महत्त्वाचे आहे. पहिल्यात भरकटलेला प्रकाश संपूर्ण चौकटीवर पसरतो, काळा रंग करडा होतो आणि दृश्याचा उठाव कमी होतो. दुसऱ्यात स्रोताचे लहान प्रतिबिंब ठिपक्याच्या रूपाने उमटते. मोबाईलमध्ये हा ठिपका बहुधा चौकटीच्या मध्यबिंदूच्या पलीकडे, स्रोताच्या नेमक्या समोरच्या जागी येतो. दिवा उजवीकडे वर असेल, तर ठिपका डावीकडे खाली. कॅमेरा फिरविताच दिवा एका दिशेला आणि ठिपका विरुद्ध दिशेला सरकतो. स्थिर छायाचित्रात दुर्लक्षित राहणारा ठिपका चलचित्रणात डोळ्यांत भरतो तो यामुळेच. तिसरी एक गोष्ट फ्लेअर म्हणून ओळखली जाते, पण तिचे मूळ निराळे असते. भिंगावर बोट फिरल्याने तेलकट पुसट रेषा राहतात आणि दिव्यातून त्या रेषांना काटकोनात लांब पट्टा निघतो. हा दोष निर्विवादपणे दोषच आहे, कारण तो जागेविषयी काही सांगत नाही. तो केवळ निष्काळजीपणाची नोंद करतो.

दोष आणि शैली : परंपरेचा संदर्भ

परावर्तित प्रकाशाला अर्थ देण्याची परंपरा याच उपनगरांत जुनी आहे. वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ १९५४ साली उभा राहिला. गुरुदत्त यांच्या 'कागज़ के फूल' (१९५९) या चित्रपटात छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओत उतरणारा प्रकाशाचा झोत मोठ्या आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश आत वळवून साधला. तांत्रिक अर्थाने तो फ्लेअर नव्हे. तो झोत हवेतील धूलिकणांवरून दिसतो, भिंगातील परावर्तनामुळे नव्हे. तरीही त्यातून निघणारा धडा येथे लागू पडतो. त्या परावर्तनाची जागा, दिशा आणि क्षण निवडलेले होते, म्हणून ते अर्थवाही झाले. दोन व्यक्तींमधले अंतर आणि स्टुडिओचे रितेपण त्या झोताने मोजले जाते.

मोबाईलच्या संदर्भात शॉन बेकर यांच्या 'टँजरीन' (२०१५) या अमेरिकन चित्रपटाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. आयफोन ५ एस वर चित्रित झालेल्या या चित्रपटात फोनवर अ‍ॅनामॉर्फिक जोडभिंग बसविले होते. लॉस एंजेलिसचे कडक, तिरपे ऊन तेथे टाळलेले नाही. रस्त्यावर दिवस काढणाऱ्या पात्रांच्या डोळ्यांवर येणारे ऊन प्रेक्षकाच्याही डोळ्यांवर येते. जे. जे. अब्राम्स यांच्या 'स्टार ट्रेक' (२००९) मधील फ्लेअर मात्र चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याकडे दिवे रोखून हेतुतः निर्माण केलेला आहे. त्याचे प्रयोजन भविष्यातील झगमगाट सुचविणे हे होते. दोन्ही ठिकाणी फ्लेअर आहे. पहिला जागेतून उगवतो, दुसरा जागेवर आरोपित होतो. समीक्षेने हा भेद टिपला नाही, तर 'फ्लेअर म्हणजे शैली' असे सुलभ समीकरण तयार होते आणि विद्यार्थी ते विनातक्रार उचलतात.

उपनगरांचा प्रकाश

मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे सामान्य उंचीवर धरलेल्या कॅमेऱ्यात सूर्य थेट शिरतो तो मुख्यतः सकाळ-संध्याकाळी, म्हणजे नेमका उपनगरवासीयांच्या प्रवासाच्या वेळी. अंधेरी ते बोरिवली लोहमार्ग साधारणतः दक्षिणोत्तर धावतो. संध्याकाळी बोरिवलीकडे जाणाऱ्या लोकलच्या डाव्या दारातून, म्हणजे पश्चिमेकडून, मावळते ऊन आडवे आत येते आणि इमारतींच्या सावल्यांनी क्षणोक्षणी तुटते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर बोरिवलीच्या पूर्वेला आणि मुलुंडच्या पश्चिमेला आहेत. म्हणून बोरिवलीत सूर्य डोंगरामागून उशिरा वर येतो, तर मुलुंडमध्ये तो क्षितिजापर्यंत न पोहोचता डोंगराआड लवकर जातो. दोन्ही ठिकाणी एकाच घड्याळी वेळी केलेले चित्रण सारखा फ्लेअर देत नाही. हा फरक स्थळाची अस्सल खूण आहे.

प्रवासाच्या साधनांतील बदलाने या खुणांचे स्वरूपही बदलले. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. ती पूर्व-पश्चिम धावते आणि तिच्या खिडक्या बंद काचेच्या आहेत. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटकडे पहिली वातानुकूलित लोकल निघाली. ९ जून २०२५ च्या मुंब्रा दुर्घटनेनंतर नव्या लोकलना स्वयंचलित दारे बसविण्याचे रेल्वेने जाहीर केले. उघड्या दारातून केलेल्या चित्रणात फ्लेअर असतो, पण काचेतील प्रतिबिंब नसते. बंद काचेतून केलेल्या चित्रणात थेट ऊन सौम्य होते आणि प्रतिबिंब प्रबळ होते. म्हणजे उपनगरी प्रवासाची दृश्यभाषा फ्लेअरकडून प्रतिबिंबाकडे सरकत आहे.

याचे गणित सोपे आहे. साध्या एकपदरी काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो व उरलेला बहुतांश आरपार जातो. बाहेरचे दृश्य डब्यातील दृश्याच्या साधारण अकराव्या हिश्श्याइतकेच उजळ राहिले, की दोन्ही प्रतिमा तुल्यबळ होतात. त्याहून अंधार झाला, की काचेत बाहेरच्या इमारतींपेक्षा आतले चेहरे ठळक दिसतात. दिवेलागणीच्या वेळी अंधेरी–घाटकोपर प्रवासात हा पालट काही मिनिटांत घडतो. या काळात काचेवर थकलेला प्रवासी आणि काचेच्या इमारतींतील दिवे एकावर एक येतात. हा थर पुसून केवळ बाहेरचे शहर दाखविले, तर ते कोणी, कोठून पाहिले हे कळेनासे होते.

टाळेबंदीच्या काळात हीच गोष्ट घरांच्या संदर्भात प्रत्ययास आली. मे २०२० मध्ये सोनी मराठी वाहिनीवर सुरू झालेल्या 'आठशे खिडक्या नऊशे दारं' या मालिकेचे चित्रण कलाकारांनी आपापल्या घरी राहून केले. स्टुडिओची प्रकाशयोजना उपलब्ध नसली, की खिडकी हाच घरातील प्रमुख प्रकाशस्रोत ठरतो. दूरचित्रवाणीचा पडदा, कपाटाची काच आणि देव्हाऱ्यातील तसबीर हे सारे परावर्तक बनतात. मालिकेच्या शीर्षकातील खिडक्या अशा रीतीने निर्मितीची भौतिक अटही ठरल्या.

नियंत्रणाचे उपाय

फ्लेअरला अर्थ आहे असे म्हणणे म्हणजे तो आपोआप येऊ द्यावा असे म्हणणे नव्हे. जो टाळता येत नाही, तो निवडला असा दावाही करता येत नाही. म्हणून नियंत्रणाचे ज्ञान प्रथम आवश्यक आहे. चित्रणापूर्वी भिंग मऊ सुती कापडाने पुसणे ही पहिली पायरी. स्रोत चौकटीबाहेर असेल, तर तळहाताची किंवा काळ्या पुठ्ठ्याची आडोशी पुरते. स्रोत चौकटीतच असेल, तर आडोशीचा उपयोग नाही. तेथे दिवा खांबाआड किंवा झाडाआड घेणे, अथवा ठिपका काळ्या आकाशाऐवजी उजळ भिंतीवर पडेल अशी चौकट बांधणे हे उपाय राहतात. दिवा चौकटीच्या मध्याजवळ घेतल्यास ठिपकाही त्याच्याच तेजात लपतो.

काचेसाठी सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे फोन काचेला टेकवून भोवती गडद कापड धरणे. ध्रुवण गाळणी काचेच्या लंबाशी सुमारे ५६ अंशांच्या कोनात परावर्तन चांगले रोखते. समोरासमोर धरलेल्या कॅमेऱ्याला तिचा उपयोग होत नाही. शिवाय टफन्ड काचेतून ध्रुवण गाळणीने पाहिल्यास काचेतील ताणांचे पट्टे दिसू शकतात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावरील दिव्यांच्या प्रतिबिंबांना मात्र गाळणीने मारून टाकणे बहुतेक वेळा दृश्याचेच नुकसान ठरते. चालत्या लोकलच्या दारातून बाहेर झुकून चित्रण करणे कोणत्याही कलात्मक कारणाने समर्थनीय नाही. प्रात्यक्षिकाच्या सूचनांत हे लेखी नमूद असणे ही विभागाची जबाबदारी आहे.

पुसलेला आणि चिकटवलेला प्रकाश

संगणकीय प्रक्रियेमुळे आता दोन परस्परविरोधी सोयी एकाच फोनवर मिळतात. एक ठिपके व प्रतिबिंबे पुसते, दुसरी कृत्रिम प्रकाशरेषा चिकटवते. वरवर त्या विरुद्ध वाटल्या, तरी दोहोंचा परिणाम एकच होतो. प्रतिमा आणि जागा यांचा संबंध तुटतो. चिकटवलेल्या फ्लेअरची दिशा दृश्यातील सावल्यांशी जुळत नाही, हे सजग परीक्षकाला ओळखता येते. पुसलेला फ्लेअर ओळखणे त्याहून अवघड असते.

कथापटात या सोयींना मोकळीक असावी. माहितीपटात मात्र प्रश्न गंभीर होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य नोंदविणे अपेक्षित आहे. हॅश मूल्यावरून फाइल नंतर बदलली किंवा नाही हे कळते. मात्र फाइल जतन होण्यापूर्वी सॉफ्टवेअरने काय पुसले, हे त्यावरून कळत नाही. काचेतील प्रतिबिंब कधी कधी कॅमेरा काचेच्या कोणत्या बाजूला होता याचा एकमेव पुरावा असतो.

येथे एक मर्यादाही मान्य करावी लागते. वातानुकूलित डब्यातील प्रतिबिंबात सहप्रवाशांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले जातात. अशा वेळी प्रतिबिंब राखण्याचा कलात्मक युक्तिवाद त्या व्यक्तीच्या खासगीपणापुढे गौण ठरतो. तेथे कोन बदलणे किंवा चेहरा अस्पष्ट करून तशी नोंद देणे हाच योग्य मार्ग होय.

निष्कर्ष

१. फ्लेअर व प्रतिबिंब यांना सरसकट दोष अथवा सरसकट शैली मानणे ही दोन्ही टोके अचिकित्सक आहेत. त्यांचे मूल्य प्रकाशाचा स्रोत, कॅमेऱ्याची जागा आणि दृश्याचे प्रयोजन यांच्या परस्परसंबंधावर ठरते.

२. उपनगरांच्या बाबतीत या खुणा स्थळविशिष्ट आहेत. डोंगर, लोहमार्गाची दिशा, उघडे दार आणि बंद काच यांनी त्या घडविलेल्या आहेत. त्या पुसल्यास बोरिवली आणि मुलुंड यांतील दृश्यभेदही काही अंशी पुसला जातो.

३. मूल्यमापनात 'प्रतिमेची स्वच्छता' या निकषाऐवजी तीन प्रश्न विचारावेत : विद्यार्थ्याला फ्लेअर टाळता आला असता काय? त्याने तो का ठेवला? आणि प्रक्रियेत काही पुसले वा जोडले असल्यास त्याची नोंद दिली आहे काय? या प्रश्नांची उत्तरे चित्रणासोबतच्या अर्ध्या पानाच्या टिपणात मागता येतील.

४. ज्या विद्यार्थ्याकडे महागडा फोन नाही, त्याच्या चित्रणात फ्लेअर अधिक येण्याची शक्यता असते. स्वच्छतेला गुण देणारी पद्धत अप्रत्यक्षपणे भिंगाच्या किमतीला गुण देते. निवडीला गुण देणारी पद्धत विद्यार्थ्याच्या पाहण्याला गुण देते. चित्रणकलेच्या अध्यापनाला दुसरी पद्धतच अधिक न्याय्य ठरेल.