नजरकैद, सुटका आणि मौन

‘माझी जन्मठेप’सारख्या तुरुंगवाङ्मयाच्या वाचनातून मराठी समीक्षेत एक गृहीतक रुजले आहे : बंदिवास म्हणजे आपल्या माणसांपासून तुटणे आणि सुटका म्हणजे त्यांच्यात परतणे. सुटकेनंतर जे मायदेशी परतलेच नाहीत, अशांच्या लेखनापुढे हे गृहीतक अपुरे पडते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी भारतातील जर्मन नागरिकांना ‘शत्रुदेशीय’ म्हणून स्थानबद्ध केले. रणांगणावर पकडलेले युद्धकैदी ते नव्हते. मुलकी नजरकैदी होते. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) व देवळाली येथील छावण्यांतून पुढे अनेकांची रवानगी डेहराडूनला झाली. १९३९मध्ये नंगा पर्वताच्या मोहिमेनंतर अटक झालेले हाइनरिख हारर आणि पेटर आउफश्नाइटर हे ऑस्ट्रियन गिर्यारोहक याच वाटेने गेले. एप्रिल १९४४मध्ये ते निसटले आणि जानेवारी १९४६मध्ये ल्हासाला पोहोचले. पुढे हारर मायदेशी परतले. १९५२मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ने त्यांना जगभर वाचक मिळवून दिला. आउफश्नाइटर नेपाळचे नागरिक झाले. त्यांच्या तिबेटविषयक आठवणी मात्र त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९८३मध्ये ग्रंथरूपाने आल्या.

हा भेद केवळ स्वभावाचा नाही, वाङ्मयप्रकाराचाही आहे. पलायनकथेला छावणी हा आरंभ आणि परतणे हा शेवट लागतो. या रचनेत जे बसत नाही, ते सहज गळते. हारर यांचे एस.एस.मधील सदस्यत्व त्यांच्या पुस्तकात नव्हते, ते १९९७मध्ये उघड झाले. याउलट, नव्या देशात रुजणे ही संथ, कळसबिंदू नसलेली प्रक्रिया असते. तिच्यासाठी तयार कथनरूप उपलब्ध नसते.

लामा अनागारिक गोविंद यांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. जर्मनीत जन्मलेले गोविंद १९३८मध्येच ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रजाजन झाले होते. तरीही त्यांना अहमदनगर आणि डेहराडून येथे कैदेत ठेवण्यात आले. छावणीत नाझी बंदिवानांचा जाचही त्यांनी सोसला. १९४७मध्ये ते स्वतंत्र भारताचे नागरिक झाले. मुंबईच्या पारशी चित्रकर्ती रत्ती पेटिट (ली गौतमी) यांच्याशी विवाह करून पुढे अल्मोड्याजवळ राहिले. परंतु ‘द वे ऑफ द व्हाइट क्लाउड्स’ (१९६६) या त्यांच्या आत्मपर ग्रंथात केंद्रस्थानी तिबेटची यात्रा आहे, नजरकैद नाही.

हे मौन आध्यात्मिक अलिप्ततेचे लक्षण मानून सोडून देणे सोपे आहे. त्याचा दुसराही अर्थ संभवतो. ज्या भूमीत कैद भोगली तीच आपली म्हणायची, तर कैदेला आपल्या कथेचा आरंभ होऊ न देणे हीही रुजण्याची एक रीत ठरते. तेव्हा तुरुंगात काय लिहिले गेले, एवढ्याच प्रश्नावर तुरुंगवाङ्मयाच्या समीक्षेला थांबता येणार नाही. सुटकेनंतर कोणाला सांगण्यासारखी कथा मिळाली आणि कोणाला केवळ राहण्यासारखे घर, हेही तिने तपासले पाहिजे.